जुनी लिव्हर रायफल घ्यायची? आधी कागद, मग काडतूस, मग लोखंड

निवडणुकीची आचारसंहिता लागली की वर्तमानपत्रात एक बातमी ठरलेली असते: परवानाधारकांची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा होणार. कोणाची जमा करायची हे छाननी समिती ठरवते, पण बातमी वाचून कुतूहल सगळ्यांचंच जागं होतं. सावंतवाडीच्या घरात आजोबांची एक रायफल आहे, चापाभोवती लोखंडी कडी असलेली, तिचं काय करायचं? दादरच्या एखाद्या काकांना वेगळाच प्रश्न असतो. भाचा टेक्सासमध्ये आहे, त्याला तशीच एक जुनी रायफल स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का?

दोघांच्याही हातातली वस्तू एकच, लिव्हर-ॲक्शन शिकारी रायफल. ती कशी चालते, जुनी घेताना काय बघायचं आणि मुंबईत राहणाऱ्याला ती घेता येते का, हे इथे क्रमाने बघू. माझं मत आधीच सांगून टाकतो. अशी रायफल बघायला जाणारा माणूस पहिल्यांदा ती खांद्याला लावून बघतो आणि तिथेच चुकतो. खांद्याला लावणं सगळ्यात शेवटी.

लिव्हर-ॲक्शन म्हणजे नेमकं काय?

एक गोळी उडाली की रिकामं काडतूस बाहेर काढायचं, नवीन आत सरकवायचं आणि घोडा, म्हणजे ठोका मारणारा भाग, पुन्हा ताणायचा, ही तीन कामं कोणत्याही रायफलीत कोणीतरी करावीच लागतात. बोल्ट रायफलीत उजव्या हाताने दांडी उचलून मागे-पुढे करतात. लिव्हर रायफलीत चापाभोवतीची कडी हीच लिव्हर असते. ती खाली ढकलून परत वर ओढली की तिन्ही कामं उरकतात.

आतमध्ये दोन भाग लक्षात ठेवण्यासारखे आहेत. चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची पोकळी, जिथे काडतूस बसतं. बोल्ट म्हणजे ती पोकळी मागून बंद करणारा पोलादी ठोकळा. जुन्या रायफलीची तब्येत बरीचशी या दोघांच्या नात्यावर अवलंबून असते.

हा प्रकार अमेरिकेतला. जॉन ब्राउनिंग यांनी रचना केलेलं विंचेस्टरचं १८९४ चं मॉडेल सगळ्यात गाजलं, सत्तर लाखांहून जास्त बनलं. त्याच्यासाठी १८९५ मध्ये आलेलं .३०-३० हे काडतूस, बोलीत 'थर्टी-थर्टी', अमेरिकेतल्या जंगलात हरणाच्या शिकारीसाठी पिढ्यानपिढ्या चाललं. मार्लिन कंपनीचं ३३६ हे मॉडेल १९४८ चं. सॅव्हेजचं ९९ मात्र या घराण्यातलं वेगळ्या वळणाचं पोर, त्याबद्दल पुढे.

बहुतेक लिव्हर रायफलींत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक आडवी बसतात. म्हणजे मागच्या काडतुसाच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, अगदी जिथे ठिणगी पडते त्या टोपीला टेकलेलं असतं. टोकदार गोळी भरली आणि रायफलीला झटका बसला तर नळकांड्यातच स्फोट होऊ शकतो. म्हणून या रायफलींच्या गोळ्या चपट्या तोंडाच्या असतात. अलीकडे मऊ प्लास्टिकच्या टोकाच्याही निघाल्या आहेत. सॅव्हेज ९९ मध्ये काडतुसं फिरत्या चक्रात बसतात, त्यामुळे तिला टोकदार गोळी चालते.

शिकारी रायफल म्हणता, पण शिकार कुठे करणार?

भारतात कुठेच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि त्याच्या कलम ९ ने शिकारीवर बंदी आहे. रानडुकरं शेत उकरून टाकतात, हा कोकणातला रोजचा त्रास खरा आहे. पण तिथेही कलम ११ खाली वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. हातात शस्त्राचा परवाना आहे म्हणून जनावर मारण्याची मुभा मिळत नाही. हे दोन कायदे वेगळे, दोन कार्यालयं वेगळी, आणि गावाकडे हीच गल्लत सगळ्यात जास्त होते.

उपनगरातल्या लोकांसाठी याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ३४. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवीन शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी सहमती लागते, आणि राष्ट्रीय उद्यानांनाही ते लागू आहे. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान मध्यभागी धरून नकाशावर दहा किलोमीटर मोजा. बोरिवली, कांदिवली, गोरेगाव, मुलुंड, भांडुप सगळं आत येतं. बिबट्या सोसायटीच्या आवारात येतो तेव्हा आपण जंगलाला खेटून राहतो हे आठवतं. कायद्याला ते कायमच आठवत असतं.

तेव्हा मुंबईत अशा रायफलीला उपयोग उरतो तो नेमबाजीचा, किंवा घराण्यातली वस्तू म्हणून जपण्याचा.

मग मुंबईत ती विकत घेता येते का?

येते, पण दुकानात शिरण्याआधी परवाना लागतो. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि सध्याचे शस्त्र नियम २०१६ चे. जिल्ह्यात हे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे असतं, मुंबईत पोलीस आयुक्तांकडे, म्हणजे क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या मुख्यालयाकडे. वय किमान २१. पोलीस चौकशी होते, वैद्यकीय दाखला लागतो, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. 'हवी आहे' हे कारण पुरत नाही, कारण सबळ असावं लागतं. मान्यताप्राप्त रायफल क्लबचं सदस्यत्व आणि नियमित सराव असेल तर कायदाच तुमच्या बाजूने बोलतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आधी तीन चालत. परवान्याची मुदत पाच वर्षं. त्यावर राष्ट्रीय नोंदणीचा यूआयएन क्रमांक नसेल तर तो परवाना चालत नाही.

आता जुन्या रायफलीचा व्यवहार. गिरगावातली पागडीची खोली आठवा. खोली आवडली, पैसे मोजले, किल्ली हातात आली, तरी घरमालकाची संमती आणि भाडेपावती तुमच्या नावावर होईपर्यंत तुम्ही तिथे कोणीच नसता. इथे घरमालकाच्या जागी पोलीस आयुक्त आहेत. परवानाधारक माणूस आपली रायफल दुसऱ्या परवानाधारकाला थेट विकू शकतो, पण कलम ५ प्रमाणे त्याने आधी विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. 'पैसे आज द्या, कागद नंतर करू' म्हणणाऱ्याकडून उठून यावं. परवानाधारक दुकानदाराकडून घेणं त्या मानाने सोपं, कारण त्याची नोंदवही असते. घेतल्यावर रायफल दाखवून तिचा क्रमांक आपल्या परवान्यावर चढवून घ्यायचा.

विकणाऱ्याने ती परदेशातून स्थलांतर करताना आणलेली असेल तर कस्टम्सचे जुने कागदही मागा. अशा हत्यारावर विक्रीबंदीची अट असू शकते, आणि ती अट हत्याराबरोबरच फिरते.

थ्री-नॉट-थ्रीची मिळाली तर?

सोडून द्या. बोअर म्हणजे ढोबळमानाने नळीचा व्यास. भारतीय कायदा बोअर दोन गटांत टाकतो: प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित, दुसऱ्याला सगळे एनपीबी, म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड बोअर, म्हणतात. सैन्याची .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची काडतुसं ज्यात बसतात त्या रायफली प्रतिबंधित गटात धरल्या जातात, आणि तो परवाना मुंबईच्या पातळीवर मिळत नाही, केंद्र सरकारकडे जावं लागतं. विंचेस्टरचं १८९५ चं मॉडेल ब्रिटिश .३०३ मध्येही निघालं होतं. सॅव्हेज ९९ .३०८ मध्ये मिळते, आणि .३०८ हे सैन्याच्या ७.६२ चंच नागरी भावंड. वस्तू कितीही देखणी असो, या बोअरच्या वाटेला जाऊ नये.

इथे कारकुनी घोटाळ्याला भरपूर वाव आहे. थर्टी-थर्टीच्या नळीचा व्यासही ७.६२ मिलिमीटरच भरतो, पण सैन्याचं काडतूस तिच्या चेंबरमध्ये बसत नाही. सॅव्हेज कंपनीचं स्वतःचं .३०३ नावाचं काडतूस होतं, त्याचा ब्रिटिश .३०३ शी नावापलीकडे संबंध नाही. म्हणून अर्जावर नुसता आकडा न लिहिता काडतुसाचं पूर्ण नाव लिहावं, आणि नळीवर कोरलेल्या अक्षरांचा फोटो सोबत जोडावा.

आजोबांची आहे म्हणजे माझीच ना?

मालकी तुमची असेल, ताबा नाही. परवाना माणसाच्या नावावर असतो आणि त्याच्याबरोबरच संपतो. आजोबा गेल्यावर ती रायफल विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची, पावती घ्यायची, आणि मग वारसाने आपल्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा. 'पंधरा दिवस झाले की बघू' म्हणत माळ्यावर राहिलेली रायफल हा बिनपरवाना शस्त्राचा गुन्हा ठरतो, मग घरातल्या कोणाचाही हेतू कितीही निर्मळ असो. आजोबा हयात असतील तर आणखी सोपं. वयाची सत्तरी किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं, यातलं जे आधी पूर्ण होईल त्यानंतर ते स्वतःच वारस सुचवू शकतात. घरात वडीलधारं माणूस असेल तर हा विषय आत्ताच काढा, जरा अवघड वाटला तरी.

'पण ती शंभर वर्षं जुनी आहे, म्हणजे पुरावस्तूच की!' हा आक्षेप नेहमीचा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक पुरावस्तू धरतात, त्यामुळे तिथे १८९७ ची विंचेस्टर कागदपत्रांशिवाय हात बदलू शकते. इंटरनेटवर हेच वाचून लोक फसतात. आपल्याकडे सूट मिळते ती जुनाट किंवा मोडकळीला आलेल्या अशा हत्याराला, जे दुरुस्त करूनही चालवता येणार नाही. लिव्हर खटक्यात बसते, घोडा ताणला जातो, याचा अर्थ ती बंदूकच, वय काहीही असो.

काडतूस कुठून आणणार?

हा प्रश्न विकणारा कधी स्वतःहून काढत नाही. आपल्या आयुध कारखान्यांचा नागरी बाजारातला लांब नळीचा माल म्हणजे .३१५ आणि .३०-०६ च्या बोल्ट रायफली, .२२, छऱ्यांची १२ बोअर आणि त्यांची काडतुसं. थर्टी-थर्टी बाहेरून आलेलीच शोधावी लागते. मिळाली तर मिळाली, आणि मागितलेल्या भावाला. वर्षाला किती काडतुसं घ्यायची याची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते, ती वेगळीच. परदेशी रायफली मागवणं सामान्य परवानाधारकासाठी जवळजवळ बंद आहे, सवलत आहे ती नामांकित नेमबाजांना. त्यामुळे देशात आधीपासून असलेल्या जुन्या परदेशी रायफलींच्या किमती त्यांच्या गुणांपेक्षा दुर्मिळतेने ठरतात.

म्हणून मुंबईत नेमबाजीची हौस आणि लिव्हरची आवड दोन्ही असतील तर मी .२२ ची शोधायला सांगेन. मार्लिन ३९ए, विंचेस्टर ९४२२, ब्राउनिंगची बीएल-२२. काडतूस मिळतं, धक्का जवळजवळ नाही, आणि रेंजवर तासभर सराव करता येतो. थर्टी-थर्टी घेऊन कपाटात ठेवणाऱ्यांपेक्षा हा माणूस जास्त सुखी.

हातात घेतल्यावर काय बघायचं?

कागद जुळले, काडतूस मिळण्याची खात्री झाली, तर आता लोखंड. पहिलं काम, रायफल रिकामी आहे याची खात्री. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब. दुकानदाराने 'रिकामीच आहे' म्हटलं तरी लिव्हर पूर्ण खाली करून चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीने चाचपायचं. नळकांडंही तपासायचं, कारण चेंबर रिकामं असलं तरी तिथे एखादं काडतूस दडलेलं असू शकतं.

मग क्रमांक. रायफलीवर कोरलेला क्रमांक आणि परवान्यावरचा क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. क्रमांकाच्या जागी घासल्याच्या खुणा असतील तर भाव विचारूसुद्धा नका.

नळी उजेडाकडे धरून आत बघायचं. आतले पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या खाचा, धारदार, चकचकीत दिसायला हवेत. काळे खड्डे दिसले तर बहुधा जुन्या काडतुसांची करामत. त्यांच्या टोपीतल्या मसाल्याचा क्षार नळीत उरायचा, हवेतला ओलावा ओढायचा आणि लोखंड खायचा. मुंबईच्या दमट हवेत हे काम आणखी वेगाने होतं. थोडे खड्डे असलेली नळीही नेम धरते, पण भाव तसा कमी व्हायला हवा.

नळीचं तोंड नीट बघा, हे लिव्हर रायफलीत खास महत्त्वाचं. विंचेस्टर ९४ मागून उघडून साफ करणं म्हणजे बरीच खटपट, म्हणून लोक पुढूनच सळई घालतात. पन्नास वर्षं सळई घासून तोंडाची कड एका बाजूला झिजते आणि गोळी भरकटते. वरून बघणाऱ्याला रायफल नव्यासारखी वाटते. मार्लिनमध्ये लिव्हरचा एक स्क्रू काढला की बोल्ट बाहेर येतो आणि मागून सफाई करता येते. त्यामुळे जुन्या मार्लिनचं तोंड बरेचदा शाबूत सापडतं.

स्क्रूंची डोकी खोटं बोलत नाहीत. खाचा चेपलेल्या, सोललेल्या असतील तर कोणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने ती घरी उघडली आहे, आणि आत काय केलं ते देव जाणे. लाकडी दस्ता जिथे लोखंडाला मिळतो तिथे केसासारखी चीर आहे का बघा, दर बाराला ती वाढत जाते. गंज लपतो तो लाकडाखाली आणि नळी-नळकांडं बांधणाऱ्या पट्ट्यांखाली. दुकानदार पट्टी सैल करून दाखवायला तयार नसेल तर तेच उत्तर समजा.

लिव्हर सावकाश चालवा, मग नेहमीच्या वेगाने. मध्येच अडखळत असेल तर कारण विचारा. जुन्या मार्लिनमध्ये काडतूस वर उचलणारा भाग झिजला की दोन काडतुसं एकदम घुसून यंत्र अडकतं. दुकानात डमी काडतुसं असतील तर चार-पाच भरून बाहेर पडतात का बघा. लिव्हर पूर्ण मिटल्याशिवाय चाप चालता कामा नये. घोडा अर्ध्या खटक्यावर, म्हणजे अर्धवट ताणलेला, ठेवून चाप दाबला तर तो पडता कामा नये. जुन्या रायफलींत हा अर्धा खटकाच सुरक्षेचं साधन, तो झिजला असेल तर रायफल धोकादायक.

राहिला हेडस्पेस. बोल्ट मिटल्यावर त्याच्या आणि काडतुसाच्या बुडाच्या मध्ये किती जागा उरते ते माप. झिजेने ती वाढली तर बार होताना काडतूस फाटून तप्त वायू मागे, तोंडाकडे येऊ शकतो. डोळ्यांना हे कळत नाही, मापाचे पोलादी तुकडे घालून बंदूक दुरुस्त करणारा कारागीरच सांगू शकतो. त्याची फी वाचवू नका.

कुठल्या सालची चांगली?

विंचेस्टरच्या बाबतीत लोक '६४ च्या आधीची' असं म्हणतात ते उगाच नाही. १९६४ मध्ये कंपनीने खर्च कमी करायला आतले काही भाग स्वस्त पद्धतीने बनवायला सुरुवात केली. नंतरच्या रायफली चालत नाहीत असं नाही, पण भाव आधीच्याच खातात. ९४ चं रिकामं काडतूस सरळ वर उडतं, म्हणून वर दुर्बीण बसवता येत नाही. १९८० च्या दशकात ते तिरपं उडवणारी सुधारणा आली. मार्लिनची ३३६ पहिल्यापासून बाजूला फेकते. मार्लिन कंपनी रेमिंग्टनकडे गेल्यावर आणि कारखाना हलल्यावर काही वर्षं मालाची तक्रार होती. २०२० मध्ये रुगरने ती घेतली. नळीवर जुन्या कारखान्याचा 'जेएम' शिक्का असेल तर खरेदीदार चार पैसे जास्त मोजतात. दुर्बिणीसाठी नंतर पाडलेली भोकं किंवा नव्याने दिलेला चकचकीत काळा रंग संग्राहकाला खटकतो. वापरणाऱ्याने मात्र त्याचा फायदा घेऊन भाव पाडावा.

टेक्सासच्या भाच्याने घेतली तर?

तिथे वस्तू मुबलक, काडतूस सहज मिळतं आणि शिकार कायदेशीर, त्यामुळे लोखंड बघण्याचा वरचा भाग त्याच्याच कामाचा. पण कागद त्यालाही चुकत नाही. तो एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर अमेरिकेचा केंद्रीय कायदा त्याला बंदूक बाळगायला मुळात मनाई करतो. अपवादांपैकी त्याच्या कामाचा म्हणजे राज्याचा वैध शिकार परवाना. ग्रीन कार्डवाल्याला ही अट नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्याला रायफलीसाठीसुद्धा पोलिसांकडून खरेदीदाराचं ओळखपत्र काढावं लागतं. ज्या मित्राला कायद्याने मनाई आहे त्याच्यासाठी आपल्या नावावर घेणं हा तिकडे गंभीर गुन्हा.

आणि सुटीवर येताना सामानातून काकांसाठी आणतो म्हणाला तर फोनवरच थांबवा. कायमचं परत येणाऱ्यांसाठीच्या अटीही कडक आहेत, आणि त्याआधी भारतातला परवाना हातात लागतो. तिकडून गाशा गुंडाळायचा ठरलं की रायफल तिथल्याच परवानाधारक दुकानदाराला विकावी आणि पावती जपून ठेवावी.